कार्ड आहे ना?

पिरंगुटच्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात काम करतो. बेअरिंग, वायर, ग्रीस, हातमोजे, जे लागेल ते. उत्पादनवाले काय हवं ते कळवतात आणि मी ते स्वस्तात आणून देतो. कोटेशन तीन मागवायची, सगळ्यात कमीवाल्याला समोर बसवून आणखी खाली आणायचं, आणि मागितलेला माल महाग पडत असेल तर त्याच्या जोडीचा दुसरा घ्यायचा. त्याला आमच्याकडे ‘इक्विव्हॅलंट’ म्हणतात. उत्पादनवाले चार दिवस बोंबलतात, मग तोच माल वापरतात. त्यांच्या बोंबलण्याकडे लक्ष न देणं हा माझ्या कामाचाच भाग आहे आणि ते मला चांगलं जमतं. घरी आल्यावरसुद्धा तुमचं खातं उघडंच असतं, असं माझी बायको म्हणते. ती हे विनोदाने म्हणते, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ती कॉम्प्युटरवर एक खेळ खेळते, पाच जणांचा संघ करून. पाचही जण वेगवेगळ्या गावांत बसतात, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात आणि समोरच्या पाचांना गोळ्या घालतात. कप्तान नाशिकचा. आमच्याकडे घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ती कॉलेजातून येताना पिरंगुटला उतरून बाजारातल्या एका गेमिंग कॅफेत जायची. टायरच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, काळ्या काचांचं दार. आत दहाबारा मशीन, तासावर भाडं. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की कँटीनमध्ये जेवताना एक सहकारी म्हणाला, “तुमची मुलगी त्या गेमच्या दुकानात दिसते हल्ली.” ‘दिसते’ हा शब्द त्याने असा उच्चारला की मी अर्ध्या जेवणावरून उठलो.

त्याच संध्याकाळी मी तिथे गेलो. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि मोठ्याने “मागून येतोय, मागून येतोय” असं कुणालातरी सांगत होती. तिच्या कानावरचा हेडफोन मी मागून ओढून काढला. दुकानाचा मालक गल्ल्यावरून उठला. माले गावाकडचा, तिशीतला, दिसायला साधा माणूस. तो म्हणाला, “साहेब, जरा हळू. म्याच चालू हाय.” मी त्याची कॉलर धरली. पोरींना अंधारात बसवून पैसे करतोस, तुझ्या घरात बायका नाहीत का, असं बोललो. आणखीही बोललो, ते लिहवत नाही. मुलीला दंडाला धरून खाली आणलं. अर्धवट सोडलेल्या त्या खेळात तिचा संघ हरला, हे मला कुणी सांगण्याचं कारण नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर घरात बोलणं थांबलं. ती माझ्याशी बोलेना आणि तिची आई फक्त कामापुरतं बोलायला लागली. एकदा ताट वाढताना बायको म्हणाली, “तुम्ही तिला आणायला गेला होता की मर्दुमकी गाजवायला?” मी ताट सरकवलं. पण हा अबोला माझ्याच्याने सोसेना, आणि माफी मागायचीही तयारी नव्हती. तेव्हा मी खरेदीवाल्याला सुचतो तसा मार्ग काढला. मुलीला सांगितलं, चाळीस हजारांत बसेल असा कॉम्प्युटर घरीच घेऊन देतो. अट एकच, त्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

तिने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, “भाग मी निवडणार.”

“निवड की. पैसे माझे आहेत, भाव मी बघणार.”

आमचा करार झाला तो एवढाच. नंतरचे दोन आठवडे संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर जे चालायचं त्याला मी तेव्हा चर्चा म्हणत होतो. ती मोबाइलवर भागांची नावं काढून बसायची. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मॉनिटर. तिने फार विचार केला होता. पडद्यावर चित्र उभं करण्याचं काम करणारा एक वेगळा भाग असतो, त्याला ती जीपीयू म्हणायची. तो एकटाच सगळं बजेट खाऊन टाकतो. म्हणून तिने प्रोसेसर असा निवडला होता, की ज्याच्या पोटातच चित्र दाखवायची सोय असते. त्यांचा खेळ हलका आहे, तेवढ्यावर भागतं. जीपीयू पुढच्या वर्षी, तिच्या कमाईतून. हे तिने मला एकदा नाही, वेगवेगळ्या शब्दांत तीनचारदा समजावलं. मी मान हलवत होतो, आणि डोळे मोबाइलवरच्या किमतीवर होते.

“एवढा मोठा पॉवर सप्लाय कशाला? लोड किती आहे आपला?”

“आत्ता कमी आहे. नंतर जीपीयू बसवायचाय ना. आत्ता लहान घेतला तर तेव्हा पुन्हा घ्यावा लागेल, दोनदा पैसे जातील.”

“नंतरचं नंतर बघू.”

दुसऱ्या दिवशी रॅमवरून जुंपली. तिला आठच्या दोन पट्ट्या हव्या होत्या, मला सोळाची एक स्वस्त मिळत होती. एका पट्टीवर त्या प्रोसेसरचं चित्र अडकत चालतं, असं ती सांगत होती. मी म्हणालो, दुसरी पट्टी नंतर घे. तर ती म्हणाली, “पप्पा, मी नंतर म्हटलं की तुम्हाला आज हवं असतं आणि मी आज म्हटलं की नंतर.” मी आवाज चढवला. मला खरेदी शिकवू नकोस, म्हणालो. तिची आई आतून म्हणाली, “तिच्यावरचे पैसे वाचवून कुणाला दाखवणार आहात?”

पुरवठादाराला खाली आणायची माझी एक पद्धत आहे. त्याला समोरच्या खुर्चीत बसवायचं आणि आपण फोनवर बोलत राहायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो घड्याळ बघायला लागतो, मग आपला भाव आपणच कमी करतो. एका संध्याकाळी मुलगी कॅबिनेटबद्दल बोलायला बसली असताना मी ऑफिसातल्या एका माणसाचा फोन घेतला आणि मुद्दाम लांबवला. मुद्दाम, हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला स्वतःलाही ते पुरतं कळलं नव्हतं, हात आपोआप गेला होता. तिला ते कळलं. ती उठली आणि म्हणाली, “मी तुमची व्हेंडर नाहीये.”

दरम्यान नाशिकच्या कप्तानाने तिला निरोप दिला. कुठल्याशा स्पर्धेची पहिली फेरी रविवारी दुपारी होती. मी तिला ओढून आणल्यापासून तिच्या जागी एक बदली मुलगा खेळत होता. रविवारी ती आली नाही तर तोच मुलगा कायम, असं त्याने स्पष्ट सांगितलं. हे तिने मला सांगितलं नाही, आईला सांगितलं आणि आईने मला. “रविवारच्या आत तिचा कॉम्प्युटर सुरू झाला पाहिजे,” ती म्हणाली. “नाहीतर ती संघातून जाईल, आणि तुमच्यामुळे गेली असं होईल. मी आधीच सांगून ठेवते.”

ठरलं असं, की शनिवारी सकाळी मुलगी शहरात जाऊन सगळं घेऊन येईल. संघातला कोथरूडचा एक जण तिच्याबरोबर येणार होता, त्याला त्यातलं कळतं. मला त्यातलं ‘त्याला’ एवढंच ऐकू आलं, म्हणजे मुलगा. शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली, तिने निवडलेल्या भागांचे नंबर मोबाइलमध्ये घेतले आणि कुणाला न सांगता मोटरसायकलवरून शहरात गेलो. घरी सांगताना मी म्हणालो की तिची धावपळ वाचावी म्हणून गेलो. खरं कारण तो मुलगा. आणि दुसरं खरं कारण, की ती घासाघीस करणार नाही, दुकानदार सांगेल तो भाव देऊन येईल, हा विचारच मला झोपू देत नव्हता.

एका गल्लीत ओळीने कॉम्प्युटरची दुकानं आहेत. मी सगळं एका दुकानातून घेतलं नाही, तीन दुकानांत वाटून घेतलं. मॉनिटर एकीकडे, रॅम आणि पॉवर सप्लाय दुसरीकडे. मुलीच्या सांगण्याप्रमाणे मी रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या, सप्लायही मोठाच घेतला, हे मी लिहून ठेवतो. सगळंच मोडीत काढलं असं नाही. प्रोसेसर शेवटच्या दुकानात घेतला. मी नंबर वाचून दाखवला. दुकानदार म्हणाला, आहे, पण त्यातच एफवाला घेतलात तर अकराशे कमी पडतील.

म्हणजे नंबर तोच, पुढे फक्त एफ हे अक्षर. आमच्या कारखान्याच्या कोडमध्ये शेवटचं अक्षर पॅकिंगचं असतं. माल खोक्यात की पिशवीत, एवढंच त्यातून कळतं. फरक काय, असं मी विचारलं नाही. समोरच्याला आपल्याला माहीत नाही असं दिसू द्यायचं नाही, हा खरेदीतला पहिला धडा. दुकानदार पुढे म्हणाला, खोकं नको असेल, नुसता ट्रेमधला चालत असेल, तर आणखी कमी करतो, वर बसवायला एक साधा पंखा वेगळा देतो. मी म्हणालो, खोक्याला काय चाटायचंय.

बिल करता करता त्याने मान वर न करता विचारलं, “कार्ड आहे ना तुमच्याकडे?”

“कार्ड आहे,” मी म्हणालो. “पण रोख दिले तर किती सोडाल?”

त्याने आता मान वर केली. मग हसला आणि म्हणाला, “कार्ड असेल तर मग प्रश्नच नाही.” रोखीचे म्हणून त्याने आणखी दोनशे सोडले. मी मॉनिटर पुढे टाकीवर आणि बाकीची खोकी मागे दोरीने बांधून घोटावड्याला घरी आलो. वाटेत भूगावला चहा प्यायलो. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटत होतं.

शनिवारी सकाळी मी सगळं तिच्या कॉटवर मांडलं. ती आधी भडकलीच. तुम्ही का गेलात, आपलं काय ठरलं होतं. मग एकेक वस्तू हातात घेऊन बघायला लागली. सप्लाय बघितला, रॅम बघितली, आणि तिचा चेहरा सैल पडला. “प्रोसेसरचं खोकं कुठाय?” तिने विचारलं. मी म्हणालो, खोक्याचे पैसे कशाला द्यायचे, माल तू सांगितलेलाच आहे. त्यावर ती हसली. कॅफेतल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

मग तिने कॉटवर पांढरी चादर अंथरली आणि जोडायला बसली. नखाएवढे स्क्रू, पातळ वायरी. मी दारात उभा राहून बघत होतो. प्रोसेसर दोन बोटांत धरून तिने मदरबोर्डवर हलकेच ठेवला, कडी लावली, वर उष्णता ओढणारी वाटाण्याएवढी पेस्ट टाकली आणि पंखा बसवला. तो तिच्या हातात होता तेव्हा त्याच्या पाठीवरचा नंबर तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने तो वाचला नाही. माल तू सांगितलेलाच आहे, असं तिच्या बापाने सांगितलं होतं ना.

दुपारी तिने बटण दाबलं. पंखे फिरले, आतला लाल दिवा लागला, आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी पाटी आली. तिने केबल काढून पुन्हा लावली. रॅम काढून पुन्हा बसवली, एकच पट्टी लावून बघितली, दुसरी लावून बघितली. मॉनिटर आईच्या टीव्हीच्या केबलला जोडून तपासला, तो चांगला होता. पुन्हा बटण, पुन्हा पंखे, पुन्हा तीच पाटी. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. आणि मी मागे उभा राहून बोलत होतो. कुठेतरी चुकीचं बसवलंस. हात थरथरत असतील. दुकानातून जोडून घेतला असता तर ही वेळ आली नसती, पण तुलाच हौस. आता रविवारी काय करणार आहेस? असं मी थांबून थांबून बोलत राहिलो. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

खालच्या मजल्यावर माझे थोरले बंधू राहतात. त्यांच्या मागच्या खोल्या हिंजवडीला जाणाऱ्या पोरांना भाड्याने दिलेल्या आहेत. आवाज ऐकून ते वर आले, कॉटच्या कडेला बसले, आणि फिरणाऱ्या पंख्यांकडे बघत मला म्हणाले, “चाळीस हजाराचा टेबलफॅन घेतला व्हय रं?”

मी हसलो. थोरल्या भावाच्या विनोदाला हसायची सवय आहे, पण ते कारण पुरेसं नाही. मला हसायचं होतं. चूक तिची आहे हे त्या हसण्यामुळे पक्कं झाल्यासारखं वाटलं.

मुलीने कप्तानाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याने एकेक गोष्ट विचारली, तिने एकेक उत्तर दिलं. शेवटी तो म्हणाला, प्रोसेसर काढ आणि त्याच्या पाठीवरचा नंबर मला वाचून दाखव. तिने पंखा सोडवला, कापसाने पेस्ट पुसली आणि नंबर वाचायला लागली. एकेक आकडा. शेवटाला येऊन थांबली.

“एफ,” ती म्हणाली. “एफ कुठून आला?”

तिने फोन बंद केला आणि माझ्याकडे वळली. मी सांगून टाकलं, की अकराशे रुपये कमी होते.

“एफ म्हणजे त्यात चित्र नसतं, पप्पा. त्याच्या पोटातलं तेवढंच काढून टाकलेलं असतं. मी ज्यासाठी तो निवडला होता, नेमकं तेच.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “एफवाला देताना दुकानदार विचारतात. कार्ड आहे का म्हणून विचारतात. त्याने नाही विचारलं?”

“विचारलं.”

“मग?”

“मी हो म्हणालो.”

“कुठलं कार्ड?”

माझा हात नकळत खिशातल्या पाकिटाकडे गेला. तिने तो जाताना बघितला. थोरल्यांनीही बघितला. त्यांना समजायला थोडा वेळ लागला आणि मग ते मांडीवर हात आपटून हसायला लागले, “आरं, म्हंजी तू एटीएम…” आणि पुढे त्यांना बोलताच येईना. त्यांना ठसका लागला. मुलीने त्यांना पाणी दिलं.

“ग्राफिक्स कार्ड,” ती मला म्हणाली. “जीपीयू म्हणजे तेच. दोन आठवडे मी तुम्हाला दुसरं काय सांगत होते?”

“तू कार्ड म्हणाली नाहीस. जीपीयू म्हणालीस.”

हे मी खरंच बोललो. बिल आणि माल यांत फरक निघाला की पुरवठादाराला जसं बोलतो, तसंच. तिची आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी खोलीतून बाहेर आलो.

एवढं कळेपर्यंत शनिवारची रात्र झाली होती आणि शहरातली ती गल्ली रविवारी बंद असते. मी तिन्ही दुकानांना फोन लावले, एकाने उचलला आणि सोमवारी या म्हणाला. कोथरूडच्या मुलाकडे जास्तीचं कार्ड नव्हतं. मशीन मिळेल अशी एकच जागा होती. रविवारी सकाळी मी तिला म्हणालो, आजच्या दिवस त्या कॅफेत जाऊन खेळ, माझी हरकत नाही.

“तुमची हरकत नाही,” ती म्हणाली. “त्यांनी दारावर बोर्ड लावलाय. मुलींना प्रवेश नाही. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणखी दोघी यायच्या तिथे, त्यांचंही बंद झालं. दोघींनी मला ब्लॉक केलंय. मी तिथे तोंड दाखवणार नाही. तुम्ही जा, तुम्ही विचारा. ते हो म्हणाले तर मी येते.”

मी गेलो. काळ्या काचेवर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला होता. ‘मुलींना प्रवेश नाही. घरच्यांची तक्रार येते.’ दार ढकललं. आत सातआठ पोरं खेळत होती. मालकाने मान वर केली.

“या साहेब. आज कुणाची कालर?”

पोरं हसली. एकाने खेळता खेळता मागे वळून बघितलं. मी सांगितलं, मुलीचा सामना आहे, घरचं मशीन चालत नाही, दुपारी दोन तास एक मशीन हवं आहे.

“बोर्ड वाचला?”

“वाचला.”

“कुणामुळं लागला, ठावं हाय?”

“माझ्यामुळे.”

“तुमी दंगा केला तवा खाली गर्दी जमली. खबर गावभर गेली. भुकूमच्या पोरीचा भाऊ आला, हितल्या पोरीचा बाप आला. माझं दुकान फोडायची बात झाली. दोगी बी चांगल्या खेळायच्या.” तो गल्ल्यावरची नाणी लावत बोलत होता, माझ्याकडे बघत नव्हता. “आन् आता तुमच्या एकटीसाठी बोर्ड उलटा करू व्हय?”

“फक्त आजच्या दिवस,” मी म्हणालो.

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. इथेही मी कमीतकमी किती द्यावं लागेल ते बघत होतो.

“एक दिस न्हाई,” तो म्हणाला. “निगंल तर कायमचा निगंल. आन् तुमच्या हातानं. हितं पोरांच्या म्होरं काढा.”

मी दाराशी गेलो. चिकटपट्टी कोपऱ्यांतून निघेना, नखांनी खरवडावी लागली. पोरांनी खेळ थांबवला होता. कुणी मोबाइल काढला असेल, मी बघितलं नाही. पुठ्ठा निघाला आणि काचेवर पट्टीचे चार पांढरे डाग राहिले. तो हातात घेऊन मी गल्ल्याशी आलो आणि म्हणालो, त्या दिवशी कॉलर धरली ते चुकलं.

“त्ये तुमच्यापाशीच ठेवा,” तो म्हणाला. “मशीनचं भाडं द्या. रविवारचा रेट हाय, कमी हुनार न्हाई. आन् तुमी वर थांबायचं न्हाई.”

मी भाडं दिलं. घरी जाऊन मुलीला घेऊन आलो. ती मोटरसायकलवर माझ्या मागे बसली, मध्ये तिची बॅग. वाटेत तिने एकदा विचारलं, ते काय म्हणाले? मी म्हणालो, ये म्हणाले. बोर्ड काढला, असंही सांगितलं. कुणी, असं तिने विचारलं नाही.

ती वर गेली आणि मी टायरच्या दुकानासमोर उभा राहिलो. दुकानातला माणूस रिमवरून टायर उतरवत होता, त्याच्या हातोड्याच्या आवाजात वरचं काहीच ऐकू येत नव्हतं. पौडकडून एकामागून एक बस येत होत्या. मला त्या खेळातलं काही कळत नाही. दोन तासांत तिथे काय होऊ शकतं, किती वेळा मरता येतं, काहीच नाही. मी फक्त त्या काळ्या काचेकडे बघत होतो.

ती खाली आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

“काय झालं?”

“हरलो.”

“मग तुझी जागा?”

“ठेवलीय,” ती म्हणाली. “हरलो ते माझ्यामुळे नाही, असं तो म्हणाला. पण हाताची सवय गेलीय माझी. रोज खेळलं पाहिजे म्हणाला.”

मी म्हणालो, उद्या सकाळी जाऊन प्रोसेसर बदलून आणतो.

“मी आणते. तुम्ही येऊ नका.”

“तो वापरलेला म्हणून पैसे कापेल. नीट बोलावं लागेल त्याच्याशी.”

“कापू दे,” ती म्हणाली आणि बसथांब्याकडे निघाली. बॅग तिने माझ्याकडे दिली नाही.

सोमवारी ती एकटी गेली. दुकानदाराने पैसे कापले, किती ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं तेवढे दिले. संध्याकाळी खोलीतून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला आणि तिच्या आईचा ‘आलं बघ चित्र’ असा आवाज आला. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मला कुणी बोलावलं नाही.

मंगळवारी ती पुन्हा बॅग घेऊन निघाली. घरचा चालतोय ना, मी विचारलं. चालतोय म्हणाली. मग तिथे कशाला? तेव्हा ती चपला घालता घालता थांबली.

“पिरंगुटची मुलगी परत यायला तयार झालीय. तिच्या वडिलांशी आई बोलली. भुकूमच्या मुलीचा भाऊ ऐकत नाही. त्याच्याकडे तुम्ही जायचंय.”

“मी जाऊन काय बोलू?”

“तुम्हीच तर बोलला होता. जे बोललात ते खोटं होतं, असं सांगा.”

बुधवारी कामावरून सुटल्यावर मी भुकूमला गेलो. त्या भावाने मला फाटकाच्या आत घेतलं नाही. विशी-पंचविशीचा, बनियनवर, हातात गाडी पुसायचं फडकं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाला, हां, तुमीच का ते. मग मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. तिथे वाईट काही चालत नाही, माझीच चूक झाली, माझी मुलगी रोज जाते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अंधारात बसवत्यात म्हनून तुमीच बोंबललात ना? पन्नास लोकांनी ऐकलंय. आता उजेड पडला व्हय? तुमची पोरगी तुमी सांभाळा, आमची आमी.” आणि फडकं झटकून आत गेला. त्याच्या मागे, पडवीत, ती मुलगी उभी होती. माझ्या मुलीच्याच वयाची. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आशा वगैरे काही नव्हती.

घरी आलो. मुलीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. हेडफोनचा एक कान बाजूला करून तिने विचारलं, काय म्हणाले?

“नाही म्हणाले.”

“परत जा,” ती म्हणाली, आणि कान पुन्हा झाकला.

रविवारी त्या भावाला सुट्टी असते. मी जाणार आहे.